नालबंदाच्या घरातलं मोटारीचं भंगार

अब्बांचा चाळिसावा उरकला आणि त्याच आठवड्यात घरामागच्या शेडचा विषय निघाला. धाकट्या भावाला तिथे दोन खोल्या काढायच्या आहेत. वीस बाय पंधराचं पत्र्याचं शेड, आणि आत पन्नास वर्षांचं मोटारींचं सामान. एका जीपचा सांगाडा, दोन गिअरबॉक्स, कमानपाट्यांची थप्पी, सेल्फ, डायनॅमो, गळके रेडिएटर, बेअरिंगांनी भरलेले डालड्याचे डबे, जळक्या ऑइलचे कॅन आणि भिंतीला लावून ठेवलेल्या अकरा बॅटऱ्या. भाऊ म्हणाला, "भंगारवाल्याला बोलवू, एका दिवसात जागा मोकळी." मी म्हणालो, थोडं थांब.

अब्बा मिस्त्री होते. गावात त्यांना उस्ताद म्हणत. त्यांनी आयुष्यात एक नटसुद्धा फेकला नाही. अम्मी चिडायची तेव्हा ते दखनीत एकच वाक्य बोलायचे, "फेकने कू अक्कल नै लगती, रखने कू लगती." जपून ठेवणं हा त्यांच्या लेखी हुनर होता आणि फेकणं म्हणजे इसराफ, उधळपट्टी. त्यांचं अर्धं म्हणणं खरं होतं. उरलेल्या अर्ध्याने आमच्या घराचं काय केलं, तो हिशेब मला शेड रिकामं करताना लागला. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आमचं खानदान नालबंदाचं. अंबाजोगाईला निजामकाळात मोमिनाबाद म्हणत आणि इथे छावणी होती. १८५३ च्या तहानंतर उभ्या राहिलेल्या हैदराबाद कंटिंजंटचं घोडदळ इथे असायचं. घोडदळ म्हटलं की नुसते स्वार येत नाहीत. नालबंद, जीनगर, शिकलगार, भिश्ती, गवत कापणारे, असा सगळा पसारा त्यांच्या मागून येतो आणि गावाच्या कडेला वस्ती करून राहतो. १९०३ मध्ये कंटिंजंट मोडून ती पलटणं ब्रिटिशांच्या हिंदी लष्करात मिसळली गेली. घोडे कमी होत गेले, नालबंद मात्र इथेच राहिले. ते बैलांकडे वळले.

घोड्याचा नाल आणि बैलाची पत्री यांत फरक आहे. घोड्याचा खूर सलग, त्याला एक नाल पुरतो. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या लागतात. घोडा उभ्याने नाल मारून घेतो, बैलाला दोर लावून पाडावं लागतं. माझ्या दादांनी हेच काम केलं. दिवाळीच्या सुमारास, ऊसतोडीला निघायच्या आधी, बैल पत्र्या मारून घ्यायला रांगेने उभे असत. बीड जिल्ह्यातल्या माणसाला हे दृश्य वेगळं सांगायला नको.

मोटार आमच्या भागात आली ती बहुतांश निजामाच्या बसच्या रूपाने. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ मध्ये २७ बस घेऊन रस्ते वाहतूक विभाग सुरू केला. पुढे संस्थान गेलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६१ मध्ये इथली सरकारी बस वाहतूक एसटी महामंडळात विलीन झाली. जिल्ह्यात परळीला रेल्वे होती, पण बीड शहराला पहिली प्रवासी गाडी मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. म्हणजे मधली सगळी वर्षं जिल्ह्याचं धान्य, कापूस, सरकी, खत, पेशंट आणि ऊसतोड कामगार, सारं काही रस्त्याने गेलं. जिथे रेल्वे नाही तिथे गॅरेज वाढतात. इथले किती तरी मिस्त्री मुसलमान का, याचं उत्तर लोक सहज देतात की "त्यांना ते काम जमतं." जमतं हे खरं, पण त्यामागे इतिहास आहे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर निजामाच्या चाकरीतले अनेक लोक नोकरीवाचून राहिले. सुंदरलाल समितीने ज्या जिल्ह्यांत मुसलमानांची हानी झाल्याची नोंद केली, त्यांत उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्ग्याच्या खालोखाल बीडचंही नाव आहे. कचेरीची उर्दू गेली, शिक्षण तुटलं. अशा घरातल्या पोराला दहावी-बारावीची पाटी न विचारता कुणी ठेवून घेत असेल, तर तो गॅरेजचा उस्ताद. आमच्या घरात त्या दिवसांबद्दल बोलणं होत नसे. अब्बा बाराव्या वर्षी एका ट्रकच्या गॅरेजात चेला म्हणून लागले, एवढंच ते सांगायचे.

ते शिकले तो काळ परमिट-लायसनचा. नवी गाडी मिळायला वर्षं लागत आणि पार्ट मिळायला महिने. कार्बोरेटरच्या एका जेटसाठी पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार नाही तर रविवार गाठायचा, तिथे नाही मिळालं तर मुंबईला कुर्ला किंवा चोर बाजार. अंबाजोगाईहून मुंबईला जाऊन हात हलवत परत आलेला माणूस पुढच्या वेळी एकाच्या जागी तीन पार्ट उचलतो. शेडमधली गर्दी वेडेपणाची नव्हती, टंचाईची होती. अँबॅसडर २०१४ मध्ये बंद झाली, पद्मिनी त्याच्या बऱ्याच आधी. टंचाई गेली, सवय राहिली.

आणि हेही खरं की आमच्या जिल्ह्यात मोटारीचं लोखंड कधी कचरा झालंच नाही. ट्रकचा किंवा जीपचा कमानपाटा मोडला की तो थेट घिसाड्याकडे किंवा लोहाराकडे जायचा. पाट्याचं पोलाद साध्या लोखंडासारखं मऊ नसतं. त्यात कार्बन जास्त, वर सिलिकॉन नाही तर मँगनीज मिसळलेलं, कारण त्याला लाखो हिसके खाऊन पुन्हा सरळ व्हायचं असतं. लोहार तो तापवतो, ठोकतो, धार काढतो आणि पाणी पाजतो. पाणी पाजण्यातच सगळं आहे. जास्त झालं तर पातं काचेसारखं तुटतं, कमी झालं तर दोन दिवसांत धार वळते. या पाट्याचा होतो कोयता. ज्या जिल्ह्यात नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात आणि मुकादम उचल देताना माणसं नाही, कोयते मोजतो, तिथे मोडक्या ट्रकचा पाटा कुणाच्या हातात जातो हे लक्षात घ्यायला हवं. आमच्या शेडातले पाटे मी भंगारात घातले नाहीत. एक ओळखीचा लोहार येऊन तोलून घेऊन गेला. भंगारवाल्यापेक्षा त्याने किलोमागे जास्तच दिले.

टायरचंही तेच. डनलॉपने १९३६ मध्ये बंगालातल्या साहागंजला कारखाना काढला आणि पुढे बैलगाडीसाठी हवेचे टायर बनवले. उत्तरेत अजूनही त्या गाडीला डनलॉप म्हणतात, आपण टायरगाडी म्हणतो. लाकडी चाकाची गाडी ओल्या फडातून बाहेर काढताना रुतायची. टायरगाडीत दुपटीने ऊस बसतो आणि ती चालतेही हलकी. कारखान्यांनी ती उचलून धरली, ऊसतोडीत 'टायर सेंटर' हा शब्दच रूढ झाला. ओझं दुप्पट झालं ते बैलांच्या मानेवर, ही गोष्ट निराळी. दादा म्हणायचे, टायर आल्यापासून बैलाच्या पत्र्या लवकर झिजतात. खेड्यातल्या गाड्यांना तर जुन्या जीपचा, ट्रकचा आस आणि हब बसवलेले मी स्वतः पाहिलेत. घासलेला टायर मग चपलेच्या तळाला, पत्रे उडू नयेत म्हणून छपरावर, पोरांच्या हातात काठीने पळवायला. ट्यूब विहिरीत पोहायला शिकायला. पिस्टनचं ॲल्युमिनियम ओतकाम करणाऱ्याकडे, रेडिएटरचं तांबं-पितळ मोडीत. बेअरिंगच्या गोळ्या आमच्या गोट्या होत्या आणि अख्खं बेअरिंग म्हणजे फळकुटाच्या गाडीचं चाक. मोहल्ल्याच्या उतारावर त्या गाडीचा जो खडखडाट व्हायचा, त्याने दुपारी झोपलेल्या म्हाताऱ्यांच्या शिव्या खाल्ल्याचं मला अजून आठवतं.

मग अडचण कुठे आली? मला वाटतं ती अशी. लोखंडाला लोहार होता, कातड्याला चांभार, तांब्याला तांबट, खुराला नालबंद. प्रत्येक वस्तूला हाताळणारा एक समाज होता आणि त्याच्याकडे पिढ्यांची माहिती होती. काय तापवायचं, काय नाही, कुठला धूर अंगावर घ्यायचा नाही. मोटारीसोबत तीन वस्तू अशा आल्या ज्यांचा जाणता कुणीच नव्हता. जळकं ऑइल, ब्रेक लायनरची भुकटी आणि बॅटरीचं शिसं. या तिन्ही वस्तू जुन्या वस्तूंसारख्याच वागवल्या गेल्या. ऑइल वाळवी लागू नये म्हणून दाराच्या चौकटीला, सेंटरिंगच्या फळ्यांना, अंगणातली धूळ बसावी म्हणून मातीवर. लायनरची भुकटी तोंडाने फुंकून. तिच्यात त्या काळी ॲस्बेस्टॉस असायचं आणि अब्बांनी ती चाळीस वर्षं फुंकली. शेवटच्या काही वर्षांत त्यांना धाप लागायची. ती त्यामुळे की विड्यांमुळे, हे मी सांगू शकत नाही.

शिशाबद्दल मात्र मी सांगू शकतो, कारण ते काम मी केलंय.

१९८२-८३ ची गोष्ट असेल. मी दहा-अकरा वर्षांचा, भाईजान चौदाचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत निकामी बॅटऱ्या फोडणं हे आमचं काम. कुऱ्हाडीच्या तुंब्याने वरचं काळं झाकण फोडायचं, तेजाब कडुनिंबाच्या बुडाशी ओतायचं, प्लेटा काढून आपटायच्या म्हणजे राखाडी भुकटी गळून पडते. मग तीन दगडांची चूल, वर जुनी कढई. शिसं ३२७ अंशांना वितळतं, त्याला भट्टी लागत नाही, बाभळीचं सरपण पुरतं. वर आलेली मळी झाऱ्याने काढायची आणि चकाकणारं शिसं डब्याच्या झाकणात ओतायचं. थंड झालं की वडी तयार. धनेगावला मांजरा धरण झालं होतं, मासेमारी वाढत होती; भोई लोक जाळ्याला वजनं करायला ती वडी घ्यायचे, उरलेली भंगारवाल्याला. त्या पैशांतून शाळेच्या वह्या यायच्या. अब्बांना आमचा अभिमान वाटायचा. मलाही वाटायचा.

ती कढई धुऊन घरात परत यायची. आणि ज्या जागी भुकटी सांडायची, तिथे धाकटी बहीण खेळायची. तेव्हा ती तीन-चार वर्षांची होती. माती खायची तिला सवय होती. अम्मी मारायची, तरी खायची.

ती शाळेत टिकली नाही. अक्षरं ओळखायची आणि विसरायची. चौथीत दोनदा बसली, मग घरीच राहिली. पोट दुखतं म्हणायची, चिडायची, हात थरथरायचा. नजर लागली म्हणून झालं, दर्ग्यात धागा बांधून झाला, डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं. "लडकी मंदबुद्धी है," हे वाक्य तिच्यासमोरच बोललं जायचं. तिचं लग्न झालं, तीन महिन्यांत ती परत आली. आज तिचं वय सेहेचाळीस आहे. ती आमच्यासोबत राहते, भाकरी माझ्या बायकोपेक्षा चांगली थापते आणि पैसे मोजू शकत नाही.

मी २०२० मध्ये पहिल्यांदा त्या गोष्टी जोडल्या. त्या जुलैत युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांचा अहवाल आला. जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिसं धोक्याच्या पातळीला किंवा तिच्या वर आहे, सुमारे ८० कोटी मुलं, आणि त्यांतली २७ कोटींहून जास्त भारतात. कारणांमध्ये घराशेजारी, परसात वितळवल्या जाणाऱ्या बॅटऱ्या ठळकपणे दिल्या होत्या. लहान मुलाचं शरीर गिळलेलं शिसं मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं, मेंदूवर जो परिणाम होतो तो परत फिरत नाही, आणि अमुक इतकं शिसं चालतं अशी कुठलीही सुरक्षित मात्रा नाही. त्याच शोधात सेनेगलमधल्या थियारोय-सुर-मेर या वस्तीबद्दल वाचलं. डाकार शहराजवळची ही वस्ती. तिथले लोक बॅटऱ्यांतलं शिसं मातीतून चाळून विकायचे. २००७ ते २००८ च्या काही महिन्यांत तिथे १८ लहान मुलं दगावली. बायका पाठीवर पोर बांधून माती चाळायच्या. वाचताना मला आमची कढई दिसली.

बहिणीचं रक्त तपासून आता काही कळणार नाही. रक्तातलं शिसं महिन्या-दोन महिन्यांत कमी होतं आणि हाडांत जाऊन बसतं, तिथे ते दशकानुदशकं राहतं. चाळीस वर्षांपूर्वीचा पुरावा मिळायचा नाही. तिच्यासारखी मुलं शिशाशिवायही जन्मतात, हेही मला माहीत आहे. शिवाय त्या काळी पेट्रोलमध्येही शिसं होतंच. देशभर ते बंद झालं २००० मध्ये. म्हणून मी खात्रीने काही म्हणत नाही. पण आमच्या घरात तिच्या डोक्याला, नशिबाला आणि नजरेला दोष दिला गेला, कढईला कधीच नाही. अब्बा हयात असताना मी हे त्यांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, ते ठरवता येत नाही. मुलांच्या पोटासाठी राबणाऱ्या माणसाला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

कायदा नव्हता असं नाही, तो उशिरा आला. बॅटऱ्यांचा पहिला नियम मे २००१ चा. जुनी बॅटरी विक्रेत्याकडे किंवा नोंदणी असलेल्या संकलकाकडेच द्यायची, असं त्यात होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच्या जागी नवे नियम आले आणि जबाबदारी उत्पादकांवर टाकली गेली. टायरचेही तसे नियम २०२२ मध्येच आले. अख्खी गाडी मोडण्याचे नियम सप्टेंबर २०२१ चे: नोंदणीकृत केंद्रात गाडी द्यायची, तिथून ठेव-प्रमाणपत्र घ्यायचं. त्याआधीपासून, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची आहे. आपल्याकडे गाडी एकीकडे आणि कागद दुसरीकडे अशी पद्धत. सांगाडा कापला जातो, नंबर जिवंत राहतो आणि एखाद्या दिवशी चोरीच्या गाडीवर बसतो. मग पोलीस दारात येतात ते कागदावर नाव असलेल्याच्या. आमच्या मोहल्ल्यातल्या माणसाला त्या दिवशी 'मी गाडी वीस वर्षांपूर्वी मोडली' हे पटवून देणं किती सोपं जाईल, ते वाचकांनी ठरवावं.

म्हणून शेड रिकामं करायला मला चार महिने लागले. भाऊ वैतागला. अकरा बॅटऱ्यांपैकी नऊ अख्ख्या होत्या. त्या उभ्याच ठेवून, आडव्या न करता, प्लास्टिकच्या घमेल्यांत घालून बॅटरीच्या डीलरकडे नेल्या. नवीन बॅटरी न घेताही तो वजनावर पैसे द्यायला तयार झाला. दोन फुटलेल्या होत्या. त्यांच्याभोवतीची माती खायच्या सोड्याने मारली, हातमोजे घालून ती झाडण्याऐवजी ओली करून उचलली आणि बॅटऱ्यांसोबतच बंद डब्यात दिली. भंगारवाला दारात येऊन जास्त भाव सांगत होता. त्याचा पोरगा सोबत होता, दहा वर्षांचा असेल. मी विचारलं, फोडतं कोण? त्याने पोराकडे बोट केलं. मी त्याला शेडचं पत्र्याचं दार दिलं, लोखंडी हाउसिंग दिली, बॅटऱ्या दिल्या नाहीत. तो रागावून गेला, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही रागावलो असतो. त्याच्या पोटाचा प्रश्न माझ्या नकाराने सुटत नाही. बॅटरी आज ना उद्या दुसऱ्या दारातून त्याच्याकडे जाणारच आहे.

जळकं ऑइल मोठ्या गॅरेजात दिलं, त्यांच्याकडे पिंप भरलं की रिसायकलवाल्यांची गाडी येऊन नेते. लायनर आणि क्लच प्लेटा ओल्या करून दुहेरी पिशवीत बांधल्या. त्यांचं काय करायचं याचं समाधानकारक उत्तर मला कुणी दिलं नाही, त्या अजून बांधलेल्याच आहेत. जीपचा सांगाडाही अजून उभा आहे. नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात येईपर्यंत त्याला कटर लावायचा नाही, असं मी भावाला सांगितलंय.

कडुनिंबाच्या बुडाची माती पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तपासायला पाठवली आहे. अहवाल यायचाय. तोवर त्या जागेवर मुरूम टाकून शहाबादी फरशी बसवली आहे, कारण भावाची नात आता रांगायला लागली आहे. खोल्यांचा पाया तिथून चार हात सरकवावा, असं माझं म्हणणं आहे. भाऊ अजून 'हो' म्हणालेला नाही.

दादांचा नाल ठोकायचा हातोडा मात्र पाट्यांच्या थप्पीखाली सापडला. दांडा वाळवीने खाल्ला होता. बहिणीने तो लगेच ओळखला. मला ओळखता आला नव्हता. "दादा का है," म्हणाली आणि पदराने पुसू लागली. मी तो तिच्या हातातून घेतला, साबणाने दोनदा धुतला आणि परत दिला. डालड्याच्या डब्यातल्या बेअरिंगच्या गोळ्याही तिने मागितल्या. त्याही धुऊन दिल्या. आता ती दुपारी त्या ताटात ओतते, मोजायचा प्रयत्न करते, वीसच्या पुढे चुकते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.